उद्घाटनानंतरचे दिवस

दर वर्षी ५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की शहरांतल्या मॉलमध्ये आणि चौकाचौकांत प्राणी उगवतात. प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा, जुन्या सीडींचा मोर, नटबोल्टांचा सिंह. फीत कापली जाते, सेल्फी निघतात, प्रायोजकाचं नाव कलाकाराच्या नावापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत झळकतं. मग पाऊस लागतो. देवमाशाच्या पोटात पाणी साचतं, डास होतात, आणि एका सकाळी पालिकेची गाडी येऊन सगळा माल उचलून नेते. कचऱ्याची कला झाली होती, तिचा पुन्हा कचरा झाला. मधल्या काळात भर पडली असेल तर ती प्रायोजकाच्या वार्षिक अहवालातल्या एका पानाची.

पर्यावरण, समूह आणि माणसामाणसांतलं नातं हे विषय घेऊन काम करणाऱ्या आजच्या कलावंतांवरचे लेख या पुस्तकात एकत्र केले आहेत. हे तिन्ही शब्द भाषणांत इतके घासले गेले आहेत की त्यांच्यावर बोट ठेवलं तरी घसरतं. त्यामुळे 'पर्यावरणाची कला' अशी पाटी लावून या मंडळींना एका खोलीत बसवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. विषय तर देवमाशाचाही पर्यावरणाचाच असतो. या कलावंतांना जोडणारी गोष्ट मला वेगळीच वाटते: उद्घाटनानंतरच्या दिवसांची काळजी. केलेलं काम कोण पुसणार, कोण झाडणार, मोडलं तर कोण दुरुस्त करणार, आणि कलाकार आपल्या शहरात परतला की ती वस्तू नेमकी कोणाची, हे प्रश्न त्यांनी कामाच्या बाहेर ठेवलेले नाहीत. काहींनी तर त्या प्रश्नांनाच काम मानलं.

त्यांत सगळ्यांत रोखठोक होत्या न्यूयॉर्कच्या मिअरल लेडरमन युकेलिस. १९६८ मध्ये त्यांना पहिलं मूल झालं. शिल्पकला शिकलेली, प्रयोगशील म्हणून नाव होऊ लागलेली ही बाई दिवसभर दुपटी धूत होती, दूध तापवत होती, आणि कलाजगतातले तिचे पुरुष सहकारी 'नवनिर्मिती'च्या गप्पा मारत होते. १९६९ मध्ये त्यांनी देखभालीच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. घर चालवणं, शहर चालवणं, पृथ्वी चालती ठेवणं ही सगळी एकाच जातीची कामं आहेत, आणि ती मी आता कला म्हणून करणार, असं त्यांनी जाहीर केलं. क्रांती झाली की सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार, हा त्यातला सवाल आजही क्रांतिकारकांना अवघड जातो. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरशा त्यांनी तासन् तास हातांनी धुतल्या. प्रेक्षक ये-जा करत होते, पावलांचे ठसे उमटत होते, त्या पुन्हा पुसत होत्या. १९७७ पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात त्या बिनपगारी निवासी कलाकार झाल्या. १९७९ आणि १९८० मध्ये अकरा महिने त्यांनी शहराचा कानाकोपरा पालथा घातला, खात्यातल्या ८,५०० कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. पुढे १९८३ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या एका ट्रकला सगळीकडून आरसे लावले. ट्रक रस्त्याने निघाला की नागरिकांना त्यात स्वतःचं तोंड दिसायचं.

आरशांचा ट्रक गमतीदार आहे, पण मी थबकतो तो त्या हस्तांदोलनापाशी. न्यूयॉर्कमध्ये सफाई कामगाराशी हात मिळवणं हा आदराचा, फार तर धाडसाचा भाग. मुंबईत किंवा सोलापुरात तीच कृती निराळ्या इतिहासात जाऊन पडते. आपल्याकडे कचऱ्याला वर्ग आहेच, त्याआधी जात आहे. मैला, गटार आणि रस्ता पिढ्यान् पिढ्या कोणाच्या वाट्याला आले हे पालिकेच्या हजेरीपटावरची आडनावं वाचली तरी कळतं. जिथे स्पर्शच नाकारला गेला होता तिथे एखाद्या कलाकाराने ८,५०० हात हाती घेतले, तर ते अभिनंदन ठरेल, की उपकार, की नुसता फोटो? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली, त्यांत या प्रश्नाचं एक उत्तर आहे. ते कामगारांच्या मागे गटारापर्यंत आणि मग त्यांच्या घरापर्यंत गेले. गळ्यापर्यंत घाणीत उतरलेला माणूस आणि संध्याकाळी दारात बसलेला तोच माणूस, असे दोन्ही दिसल्यावर बघणाऱ्याची कीव करण्याची सोय उरत नाही. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या छायाचित्रांतले कामगार पुढेही त्याच गटारांत उतरत राहिले, ही गोष्ट ओलवे यांच्या कामाचं मोल कमी करत नाही. पण कलेकडून किती अपेक्षा ठेवायची याची मर्यादा मात्र आखून देते.

इथे कोणालाही गाडगेबाबा आठवतील. दिवसा खराट्याने गाव झाडायचं, रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. त्यांना आजच्या भाषेत परफॉर्मन्स आर्टिस्ट म्हणण्याचा मोह एका लेखकाला झाला होता, तो संपादकांनी आवरला हे बरं झालं. बाबांना कलादालनाची गरज नव्हती आणि कलादालनाने त्यांना उसनं आणून स्वतःची शोभा वाढवू नये. पण झाडण्याच्या कृतीचं सार्वजनिक प्रवचन होऊ शकतं, हे मराठी माणसाला युकेलिसबाईंच्या आधीपासून माहीत होतं, एवढी नोंद करायला हरकत नाही.

या पुस्तकातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रकरण छत्तीसगडमधल्या कोंडागावचं आहे. नवजोत अल्ताफ मूळच्या मेरठच्या, शिकल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सत्तरच्या दशकात डाव्या युवक चळवळीत पोस्टर्स रंगवणाऱ्या पिढीतल्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बस्तरला गेल्या. कोंडागावात घडवा धातुकामाचे नामवंत शिल्पी जयदेव बघेल यांचं शिल्पीग्राम होतं. तिथे राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम अशा आदिवासी कलावंतांबरोबर त्यांचं काम सुरू झालं. सुरुवातीला प्रत्येकजण आपापलं शिल्प करायचा आणि मग त्यावर बोलायचा. हे बोलणं वाढत गेलं, आणि त्यातून गावातल्या हातपंपांच्या जागा नव्याने बांधण्याची कल्पना निघाली. या कामांना त्यांनी 'नलपार' म्हटलं.

हापसा म्हणजे काय हे ज्यांनी तो मारला आहे त्यांना सांगायला नको. भोवती चिखल, चिखलात गुरं, सांडलेल्या पाण्यावर शेवाळं. भरलेली कळशी जमिनीवरून कमरेला, कमरेवरून चुंबळीवर चढवताना पाय घसरला तर कंबर कायमची जाते. कोंडागावच्या गटाने बांधलेल्या नलपारांत सांडपाण्याला वाट काढून दिली. ओट्याला आणि भिंतींना अशा पायऱ्या व कोनाडे ठेवले की बाईला भांडं थेट जमिनीवरून उचलावं लागू नये, मधे एकदा टेकवता यावं. भिंतीचा आडोसा असा बांधला की पाणी भरायला आलेल्या बायकांना रस्त्यावरच्या नजरांपासून थोडं बाजूला होऊन चार शब्द बोलता यावेत. घरकामातून सुटून बायका एकमेकींना भेटण्याच्या ज्या मोजक्या जागा गावात असतात, त्यांत पाणवठा पहिला. त्या भिंतींवर स्थानिक खुणा, आकार, शिल्पं आली. याच गटाने लहान मुलांसाठी 'पिल्ला गुडी' बांधल्या, म्हणजे मुलांची देवळं. नाव देवळाचं असलं तरी वापर मुलांनी जमण्याचा, खेळण्याचा, काही करून बघण्याचा.

हातपंपाची एक गोष्ट लेखात आलेली नाही, ती इथे सांगतो. गावोगाव दिसणारा इंडिया मार्क टू हा पंप सत्तरच्या दशकात तयार झाला, आणि त्याच्या मुळाशी सोलापूर व जालना इथल्या मिशनच्या कार्यशाळांत सुधारलेले पंप होते. त्याआधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. ते आपण अख्ख्या गावाला दिले, आणि गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते धडाधड मोडले. बोअर घेतल्याची नोंद सरकारी वहीत होई, पण पंप दुरुस्त करणारा माणूस वहीत नसे. म्हणजे नवं बसवण्याची हौस आणि चालू ठेवण्याची टाळाटाळ हा रोग कलेपुरता नाही. तो आपल्या विकासाच्या कल्पनेतच भिनलेला आहे. नलपारकडे मी याच इतिहासातलं पुढचं पान म्हणून बघतो. पंप टिकाऊ झाला होता, आता त्याच्या भोवतीची वीतभर जागा माणसांसाठी नीट करायची होती.

अशा कामांवर कलासमीक्षेत गेली वीस वर्षं जोरदार भांडण चालू आहे. अमेरिकी अभ्यासक ग्रँट केस्टर यांनी नवजोत यांच्या कामावर विस्ताराने लिहिलं. संवाद हीच या कलेची सामग्री, असं त्यांचं म्हणणं. उलट ब्रिटिश समीक्षक क्लेअर बिशप यांनी २००६ मध्ये आणि पुढे २०१२ च्या पुस्तकात बजावलं की हेतू चांगला आहे म्हणून कलेला पास करू नका. लोकसहभाग किती झाला हे मोजण्याचं काम समाजकार्य विभागाचं आहे, समीक्षकाने कलाकृती म्हणून तिचा कस बघावा. माझी सहानुभूती बिशपबाईंच्या तक्रारीला आहे. आपल्याकडे भिंतीवर शाळेची मुलं हात रंगवून ठसे उमटवतात त्याला 'कम्युनिटी आर्ट' म्हणायची पद्धत पडली आहे, आणि त्याबद्दल वाईट बोललं की माणूस खडूस ठरतो. मात्र नलपारच्या बाबतीत ही तक्रार लागू पडत नाही असं मला वाटतं. इथे सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत करताच येत नाही. कोनाडा किती उंचीवर असावा हाच इथला आकृतिबंध. ती उंची बाईच्या खांद्यावरून, मनगटावरून, भरलेल्या घागरीच्या वजनावरून ठरलेली आहे. ब्राँझमध्ये मानवी देह घडवणाऱ्या शिल्पकाराला देहाची जितकी बारीक जाण लागते तितकीच इथे लागली, फक्त देह शिल्पात दिसत नाही, तो शिल्पाशी येऊन उभा राहतो.

अडचण आहे ती दुसरीकडे. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी नवजोत यांच्या पाच दशकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन मांडलं. कोंडागावचं काम अशा जागी येतं ते छायाचित्रं, चित्रफिती आणि मजकूर होऊन. दालनातल्या माणसाला पाणी भेटत नाही. त्याला भेटते पाण्याची माहिती. आणि नाव? कोंडागावच्या गटाने २००० मध्ये एकत्र संस्था केली, सहकाऱ्यांची नावं प्रत्येक ठिकाणी दिली जातात, हे नवजोत यांनी कटाक्षाने पाळलं. तरीही बाजार आपल्या सवयीनेच चालतो. शहरातला तो कलावंत आणि गावातला तो कारागीर, ही विभागणी लिलावाच्या कॅटलॉगपासून सरकारी पुरस्कारांच्या यादीपर्यंत सगळीकडे शाबूत आहे. शांतीबाई लाकडात काम करतात. त्यांचं शिल्प हस्तकलेच्या दुकानात ठेवायचं की आधुनिक कलेच्या दालनात, हे त्या शिल्पाकडे बघून ठरत नाही.

प्रभाकर पाचपुते यांची दिशा उलटी आहे. ते गावात गेले नाहीत, गावातून आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, जन्म १९८६ चा. सास्ती म्हणजे कोळसा. घरात पिढ्यांपासून खाणीचं काम. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिथला निसर्ग वेगळा सांगायला नको. जमीन आत गेलेली आणि आतली माती बाहेर येऊन तिचे डोंगर झालेले. शेतं जातात, मोबदला येतो, नोकरी एकाला मिळते, बाकीचे भाऊ बघत राहतात. पाचपुते खैरागढला आणि मग बडोद्याला शिल्पकला शिकले, पण हातात घेतला कोळसाच. दालनाच्या भिंतीवर थेट कोळशाने रेखाटलेली त्यांची माणसं विचित्र असतात. धड माणसाचं, डोक्याच्या जागी खाणकामगाराच्या टोपीवरचा दिवा, कधी अवजार, कधी जनावर. प्रदर्शन संपलं की भिंतीला पुन्हा पांढरा रंग. (चित्रकाराचा कोळसा जळक्या लाकडाचा आणि खाणीतला दगडी, हा फरक सास्तीच्या माणसाला सांगावा लागत नाही. समीक्षकांना मात्र अनेकदा सांगावा लागला आहे.)

त्यांच्या कामातलं मला सगळ्यांत जवळचं पर्व वेल्समधलं. कार्डिफच्या 'आर्टेस मुंडी' या पुरस्काराच्या नवव्या फेरीसाठी त्यांची निवड झाली. महासाथीमुळे प्रदर्शन लांबलं आणि २०२१ मध्ये पुरस्कार सहाही कलावंतांना समान वाटून देण्यात आला, हे या पुस्तकाच्या विषयाला शोभेसंच झालं. दक्षिण वेल्स हा एके काळचा कोळशाचा मुलूख. तिथल्या खाणकामगार संघटनांचे झेंडे, मोर्च्यांच्या कापडी फलकांची परंपरा आणि संपाच्या नोंदी पाचपुते यांनी अभ्यासल्या, आणि स्वतःची चित्रं त्या फलकांच्या घाटात रंगवली. वेल्समधली शेवटची मोठी भूमिगत खाण, टॉवर कोलियरी, २००८ मध्ये बंद पडली. तिथल्या माणसांना खाण हरवल्याचं दुःख आहे, तर सास्तीच्या माणसांना खाण वाढत चालल्याचं. दोन्ही दुःखं एकमेकांसमोर ठेवायला धाडस लागतं, कारण ती जुळत नाहीत. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी अबरफॅन या वेल्श गावात खाणीतल्या मातीचा पावसाने भिजलेला ढिगारा शाळेवर कोसळला, १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. चंद्रपूरच्या ढिगाऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्याला ही गोष्ट समजायला दुभाषा लागत नाही. 'मानवी नातं' हा शब्द मला एरवी गुळचट वाटतो. इथे तो तसा वाटला नाही, कारण हे नातं मैत्रीपेक्षा समान धोक्यावर उभं आहे.

सास्तीहून तिसऱ्या वाटेने गेलं की श्वेता भट्टड यांचं पारडसिंगा लागतं. भट्टड नागपूरच्या. पारडसिंगा राज्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसर भागात, पण बोली मराठी आणि बाजार नागपूरचा. तिथे 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' नावाने कलाकार, शेतकरी आणि गावातल्या बाया एकत्र काम करतात. 'मेक इन इंडिया'ची घोषणा ताजी असताना त्यांनी शेतात पिकं पेरून पंतप्रधानांचा भला मोठा चेहरा उगवला आणि भारतात पिकवा असं आवाहन केलं. वर्तमानपत्रांत छापून आलं ते हे. मला त्यातली गंमत अशी दिसते की हा चेहरा दिसायला आकाशात जावं लागतं. बांधावर उभ्या शेतकऱ्याला फक्त वाफे दिसतात, आणि निंदणी त्यालाच करावी लागते.

मात्र पारडसिंग्याचं खरं काम त्या चेहऱ्यानंतरचं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर विदर्भ आणि आसपासच्या पट्ट्यातून देशी कापसाची वाणं जवळपास दिसेनाशी झाली. बियाणं दर हंगामाला दुकानातून आणायची वस्तू झालं. या गटाने देशी कापूस, हातसूत, नैसर्गिक रंग हा धागा पकडला आणि त्यात देशी बिया ओवून राख्या केल्या. राखी सोडल्यावर मातीत पेरायची. राख्या विकल्या जातात, गावातल्या बायांना मजुरी मिळते. मग ही कला की गृहोद्योग? पुस्तकातल्या लेखिकेने हा प्रश्न टाळलेला आहे. मी तो टाळणार नाही. माझ्या मते हा गृहोद्योगच आहे, आणि कला म्हणून त्याची सगळ्यांत चांगली बाब हीच. प्रायोजक निघून गेला तरी कापूस वेचायला कोणीतरी लागतंच.

बियांवरून अमर कंवर यांच्या 'द सॉव्हरीन फॉरेस्ट'चा उल्लेख करायला हवा. ओडिशातल्या जमीन आणि खाणींच्या संघर्षांवरचं हे काम २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात गेलं आणि भुवनेश्वरमध्ये 'समादृष्टी' या संस्थेच्या आवारात लोकांसाठी खुलं राहिलं. त्यात एका भिंतीवर भाताच्या २६६ देशी वाणांचे दाणे मांडले होते. चित्रपट, जुने कागद, हाताने केलेल्या कागदाची पुस्तकं आणि हे दाणे. गुन्हा घडल्याचा पुरावा कोर्टात टिकला नाही तर तो कुठे ठेवायचा, या प्रश्नाला उत्तर देण्याचा तो एक गंभीर प्रयत्न.

परदेशातल्या गाजलेल्या कामांबद्दल इथे धावतं लिहितो, कारण त्यांच्यावरचे लेख पुरेसे विस्तृत आहेत. १९८२ या एकाच वर्षी दोन पेरण्या झाल्या. अ‍ॅग्नेस डेनेस यांनी मॅनहॅटनच्या टोकाला, जागतिक व्यापार केंद्राच्या खोदकामाच्या भरावावर दोन एकर गहू पेरला. मे महिन्यात पेरणी, ऑगस्टमध्ये कापणी. वॉल स्ट्रीटच्या इमारतींपुढे डुलणाऱ्या ओंब्यांचं छायाचित्र जगभर फिरलं, शेताच्या जागी इमारती आल्या. त्याच वर्षी कासेलमध्ये जोसेफ बॉइस यांनी ७,००० झाडं लावायला घेतली. प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक दगड उभा करायचा. ७,००० दगड आधी संग्रहालयासमोर रचून ठेवले, एक झाड लागलं की एक दगड हलणार. ढीग संपेपर्यंत शहराला तो बघत बसण्यावाचून पर्याय नव्हता. पैसा उभा करायला बॉइस यांनी सोन्याच्या राजमुकुटाची प्रतिकृती वितळवून तिचा ससा केला आणि एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीतही काम केलं. १९८६ च्या जानेवारीत ते वारले. शेवटचं झाड पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने लावलं. डेनेस यांचा गहू मला जास्त आवडतो, पण कासेलची झाडं आजही कोणाला तरी छाटावी लागतात, आणि म्हणून या पुस्तकात त्यांचं वजन जास्त.

ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडच्या समुद्रातला बर्फ २०१५ मध्ये पॅरिसच्या चौकात आणून वितळू दिला, त्याबद्दलही एक लेख आहे. बर्फ आणण्याला किती कार्बन खर्च झाला याचा हिशेब त्यांनी जाहीर केला, हे प्रामाणिक. तरी मला ते काम म्हणजे श्रीमंत शहराने स्वतःसाठी मागवलेली सुंदर हळहळ वाटते. त्यापेक्षा आपल्या तुषार जोग यांची स्वारी मला भावते. २०१० मध्ये ते मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला निघाले, वाटेत सरदार सरोवर आणि चीनचं थ्री गॉर्जेस ही दोन धरणं जोडत. गाडीचं नाव डॉन किहोतेच्या घोड्यावरून ठेवलेलं. शांघायच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोचल्यावर त्यांनी ती गाडी सुटी करून टाकली. विस्थापितांसाठी यातून काही मिळालं नाही, आणि मिळेल असा जोग यांचा दावाही नव्हता. स्वतःला हसता येणं ही या क्षेत्रातली फार दुर्मिळ गोष्ट आहे. जोग २०१८ मध्ये अकाली गेले.

समूहाच्या बाजूने भरभरून लिहिणाऱ्या लेखकांनी २०२२ चं पंधरावं डॉक्युमेंटा जरा अवघडून हाताळलं आहे. इंडोनेशियाच्या रुआंगरूपा या गटाने ते घडवलं. गावातल्या सामायिक भातकोठाराची कल्पना त्यांनी प्रदर्शनाला लावली: निधी, जागा, वेळ सगळं कोठारात टाकायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. ढाक्याच्या ब्रिट्टो आर्ट्स ट्रस्टने तिथे स्वयंपाकघर थाटलं, देशोदेशींचे लोक येऊन रांधू लागले. प्रसिद्ध कलावंतांची जत्रा मोडून काढणारं असं प्रदर्शन आधी झालं नव्हतं. आणि मग तारिंग पाडी या गटाच्या जुन्या, प्रचंड फलकावर ज्यूद्वेष्ट्या प्रतिमा असल्याचं उघड झालं. फलक आधी झाकला, मग उतरवला, महासंचालकांनी राजीनामा दिला. जर्मनीत वर्षभर वाद पेटला. त्यात दुष्टबुद्धीने बोलणारेही होते. पण मूळ प्रश्न खराच होता. निर्णय सगळ्यांचा असेल तर चुकीची जबाबदारी कोणाची? कोठारात धान्य सामायिक असतं तसे उंदीरही सामायिक असतात, आणि मांजर कोणी पाळायचं हे आधी ठरवावं लागतं. रुआंगरूपाने ते ठरवलं नव्हतं असं माझं मत आहे.

या पुस्तकात काही जागा रिकाम्या राहिल्या आहेत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल कोळ्यांच्या स्मृतींचं आणि खाद्यपरंपरेचं जे संग्रहण करत आहेत, त्यावर स्वतंत्र लेख हवा होता. गोव्यात डॉक्टरी सोडून समुद्रकिनाऱ्यावर मच्छीमारांबरोबर काम करणाऱ्या सुबोध केरकरांचा उल्लेख फक्त एका तळटीपेत आला आहे. २०१५ मध्ये धारावीत आरोग्याच्या प्रश्नांभोवती वस्तीतल्या लोकांनी केलेलं द्वैवार्षिक प्रदर्शन दोन परिच्छेदांत आटोपलं आहे. मराठीत चित्रकारांची चरित्रं आणि आठवणी विपुल आहेत, 'चिन्ह'सारख्या अंकांनी कलेवरच्या मराठी लेखनाला मोठा आधारही दिला. पण कलावंत निघून गेल्यावर त्या गावात काय उरलं हे चार-पाच वर्षांनी जाऊन बघण्याची रीत आपल्या कलासमीक्षेत रुजलेली नाही. या पुस्तकातले दोनच लेखक तसे परत गेले, आणि त्यांचे लेख वाचताना तो फरक लगेच जाणवतो.

लेखांचा क्रम काळाप्रमाणे लावला आहे, म्हणजे न्यूयॉर्क आणि कासेल आधी, बस्तर आणि विदर्भ नंतर. वाचकाने तो पाळू नये असं मी सुचवेन. कोंडागावच्या हापशापासून सुरुवात करावी, तिथून सास्ती आणि पारडसिंग्याला जावं, आणि मग बॉइसकडे वळावं. त्या बाजूने गेलं की बॉइस जास्त चांगला कळतो. उलट बाजूने आलं, तर हापसा उगाच एखाद्या जर्मन कल्पनेची देशी आवृत्ती वाटू लागतो, आणि तसा तो नाही.